सोळा म्हणजे सोळाच

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ३२ गीगाबाइट मेमरी असते. त्यावर आयबीएमचं जुनं मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचा अवाढव्य संगणक) थाटायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी समजतं की आपल्याला त्यातली फक्त १६ मेगाबाइट वापरता येणार आहे. मग त्याच्यातला दानशूर कर्ण जागा होतो. एवढी पडून आहे, द्या की बिचाऱ्या मशीनला! इथूनच पुढची फरफट सुरू होते.

हे मेनफ्रेम म्हणजे हर्क्युलिस, रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये आणलेलं एम्युलेटर, म्हणजे एका संगणकावर दुसऱ्याची नक्कल करणारा प्रोग्राम. त्यात बहुतेक हौशी लोक चालवतात ती एमव्हीएस ३.८जे ही ऑपरेटिंग सिस्टिम, कारण ती कायदेशीरपणे फुकट मिळते. हर्क्युलिसच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मेमरी ठरवणारी ओळ एकच: ‘मेनसाइझ १६’. ओळ एवढीशी, पण तिच्यात माती खाण्याच्या वाटा भरपूर.

पहिली वाट एककाची. नुसता आकडा लिहिला की हर्क्युलिस तो मेगाबाइटमध्ये धरतो. उलट जेसीएलमध्ये, म्हणजे मशीनला काम (जॉब) सांगायच्या भाषेत, जॉबला हवी ती मेमरी ‘रीजन=४०९६के’ अशी लिहून हात किलोबाइटला सवकलेला असतो. अशा हाताने ‘मेनसाइझ १६३८४’ लिहिलं की आपण थेट १६ गीगाबाइट मागून बसतो. नव्या आवृत्तीत आकड्यापुढे के, एम, जी लावता येतं, ३.०७ सारख्या जुन्या आवृत्तीत तेच एम लावलं की ती आकडाच चुकीचा ठरवून मोकळी होते. म्हणून कुणाची फाइल जशीच्या तशी उचलण्याआधी ती कोणत्या आवृत्तीची आहे ते बघावं. आणि विंडोजवर नोटपॅडने जतन केलेल्या फाइलच्या शेपटाला गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटलेलं नाही ना, तेही. नाहीतर आपण एक फाइल सुधारत बसतो आणि मशीन दुसरीच वाचत असतं. टीके४ हे तयार गाठोडं घेतलं असेल तर खरी फाइल ‘कॉन्फ’ फोल्डरमध्ये असते. तिथे १६ हा आकडा ‘दुसरं काही सांगितलं नसेल तर’ या अटीवर लिहिलेला आहे. म्हणजे मेनसाइझ याच नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (आपल्या संगणकात साठवून ठेवलेली किंमत) कधीतरी ठेवून विसरला असाल, तर फाइलमध्ये १६ दिसेल आणि चालेल भलतंच.

आता १६ च का? एमव्हीएस ३.८जे पत्ता लिहिते २४ बिटांत. दोनाचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. त्यापलीकडचा पत्ताच तिला लिहिता येत नाही, मग तिथे राहणार कोण? त्या काळी ही मर्यादा म्हणजे चैन होती. ३७०/१६८ सारख्या धिप्पाड यंत्रालाही जास्तीत जास्त ८ मेगाबाइट मिळायची. पत्ता २४ बिटांचा आणि रजिस्टर (प्रोसेसरमधला आकडा ठेवायचा कप्पा) ३२ चं, त्यामुळे वरचा बाइट रिकामा. प्रोग्रामरांनी त्यात खुणा कोंबल्या. १९८३ मध्ये एक्सए ही पुढची रचना आली तेव्हा पत्ता ३२ ऐवजी ३१ बिटांवर थांबला त्याचं कारणही हेच. सर्वांत वरचा बिट ‘पॅरामीटरची यादी इथे संपली’ असं सांगण्यात गुंतलेला होता. एका बिटासाठी निम्मी मेमरी गेली, ४ गीगाबाइटचे २ झाले. मला हा निर्णय अजिबात हास्यास्पद वाटत नाही. चालू असलेले प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा मेनफ्रेमचा धर्मच आहे.

बरं, १६ दिली म्हणून १६ हाती लागते असंही नाही. प्रत्येक जॉबला १६ मेगाबाइटचा स्वतंत्र आभासी पत्ता-प्रदेश मिळतो हे खरं, पण तो बिल्डरच्या जाहिरातीतला आकडा. न्यूक्लियस, एसक्यूए, सीएसए, पीएलपीए हे सिस्टिमचे सामायिक भाग, म्हणजे जिने, लॉबी आणि पंपरूम, वजा केल्यावर चटई क्षेत्र उरतं आठ-नऊ मेगाबाइट. त्याहून मोठं रीजन मागितलं की जॉब ८२२ या एरर कोडने आपटतो. फार कंजूसपणा केला तर प्रोग्राम मध्येच मेमरी मागतो, मिळत नाही आणि ८०ए येतो. दोन्ही वेळा लोक धावतात मेनसाइझ वाढवायला. त्याचा इथे काडीचा संबंध नाही! मेनसाइझ ही खरी मेमरी, रीजन ही आभासी. जॉबच्या लॉगमध्ये आयईएफ३७४आय हा संदेश असतो, त्याच्या शेवटी ‘व्हर्ट १४०के’ असं काहीतरी दिसेल. स्टेपला किती लागलं ते तिथे छापलेलं असतं. त्यावर थोडी भर घालून रीजन द्यावं.

खरी मेमरी कमी पडली तर एमव्हीएस चार-चार केची पानं डिस्कवरच्या पेज डेटासेटवर ढकलते. तो डेटासेट म्हणजे शेवटी आपल्या एसएसडीवरची एक फाइल, त्यामुळे ८ दिली काय आणि १६ दिली काय, घरच्या वापरात फरक शोधावा लागतो. तरी १६ द्यावी. वाचवून कुठे नेणार?

मेमरीवर सगळ्यात जास्त खोटे आळ येतात ते आयपीएलच्या, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या वेळी. आयपीएलला सुरुवातीला फक्त २४ बाइट वाचले जातात, तिथे मेमरी कमी पडायचा प्रश्नच नसतो. पडद्यावर ‘डिसेबल्ड वेट’ दिसलं, म्हणजे मशीन थबकलं, तर आधी पीएसडब्ल्यूचे (प्रोसेसरची स्थिती सांगणाऱ्या आकड्याचे) शेवटचे आकडे वाचा. ००७ असेल तर एमव्हीएसला कन्सोल, म्हणजे हुकूम द्यायचा पडदा, सापडलेला नाही. टीएन३२७० टर्मिनल (मेनफ्रेमच्या पडद्याची नक्कल करणारा प्रोग्राम) हर्क्युलिसच्या ३२७० पोर्टला जोडा आणि पुन्हा आयपीएल करा. मशीनची पिढी ठरवणारा आर्चमोड ‘एस/३७०’ च्या जागी ‘ईएसए/३९०’ राहिला असेल तरी मशीन मान टाकतं, कारण एसआयओ ही जुनी आय-ओ सूचना पुढच्या पिढीत उरलीच नाही. फाइलमध्ये आर्चमोड आधी आणि मेनसाइझ नंतर लिहायची सवय बरी. एक्स्पांडेड स्टोरेज, म्हणजे मुख्य मेमरीबाहेरची जादा मेमरी, मागणारी ‘एक्सपीएनडीसाइझ’ ही ओळही मोहात पाडते. ती चीज १९८५ च्या ३०९० या यंत्राबरोबर आली, ३.८जे ला तिचा पत्ता नाही. शून्य ठेवा.

हात सैल सोडायचाच असेल तर झेड-आर्किटेक्चर या नव्या पिढीवर लिनक्स चालवा, तिथे गीगाबाइट खपतात. पण आतलं लिनक्स मिळेल ती मेमरी हळूहळू डिस्क कॅशने भरून टाकतं. बाहेरची मेमरी तोकडी पडली की तीच पानं लॅपटॉप स्वतःच्या स्वॅपमध्ये टाकतो. आतल्याला वाटतं पान मेमरीत आहे, प्रत्यक्षात ते डिस्कवर. मग दोघं मिळून डिस्क घासत बसतात आणि आपण पंख्याचा आवाज ऐकतो. यजमानाच्या, म्हणजे लॅपटॉपच्या, मेमरीच्या निम्म्याहून जास्त देऊ नये.

आकडा बदलायचा तर चालत्या मशीनवर नको. जेईएस२ (जॉबची रांग सांभाळणारा भाग) थांबवा, ‘झेड ईओडी’ हा बंद करण्याचा हुकूम द्या, हर्क्युलिस बंद करा, फाइल बदला, पुन्हा आयपीएल. खिडकीच्या फुलीवर टिचकी मारून हे सगळं उरकणारे असतात. पुढच्या वेळी स्पूलने, म्हणजे जॉब साठवायच्या जागेने, तोंड वाकडं केलं की तेही म्हणतात, मेमरी वाढवून बघू का?