जहाजावरचे शिपाई

गेल्या रविवारी भाचीला घेऊन गेटवेहून मांडव्याला गेले. लाँच सुटली की थोड्याच वेळात नौदलाची राखाडी जहाजं दिसतात. तिने विचारलं, "मावशी, तोफा नि मिसाइलं आहेत ना, मग युद्धात बोटीवर बंदूकवाले मरीन कशाला?" मांडवा आलं तरी माझं सांगून झालं नव्हतं, म्हणून उरलेलं इथे लिहितेय.

मरीन म्हणजे जहाजातून नेलेलं पायदळ, किनारा आला की उतरणार, असं बहुतेकांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. त्यांची खरी लढाई जहाजावरच असायची. शिडांच्या काळात जहाजाला जहाज भिडलं की डेकवरून गोळ्या झाडायच्या आणि वेळ आली की समोरच्या डेकवर उडी घ्यायची. १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या समुद्री लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनला लागलेली गोळी फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून आली होती, आणि त्याला खाली उचलून नेणाऱ्यांत मरीनचा एक सार्जंट होता. लढाई नसेल तेव्हा कप्तानाच्या दारावर, दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा. ब्रिटिश जहाजांवर त्यांची झोपायची जागासुद्धा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधोमध, कारण खलाशांनी बंड केलं तर आधी यांनीच उभं राहायचं. ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं समुद्रावर काढायची त्यांच्यावरच नजर ठेवायची, ही नोकरी मला फार एकटी वाटते.

पुढे वाफेची पोलादी जहाजं आली. आता उड्या मारायला कोण जवळ येणार? तरी मरीन राहिले, तोफांवर. ३१ मे १९१६, पहिल्या महायुद्धातली ब्रिटन-जर्मनीची जटलंडची समुद्री लढाई. 'लायन' या ब्रिटिश युद्धनौकेच्या मधल्या बुरुजावर, म्हणजे तोफांच्या फिरत्या पोलादी खोलीत, रॉयल मरीन (ब्रिटनचे मरीन) होते, प्रमुख मेजर फ्रान्सिस हार्वी. जर्मन गोळा बुरूज फोडून आत फुटला. हार्वी मरणाच्या दारात होता, पण खालच्या दारूगोळ्याच्या कोठारात पाणी सोडायचा हुकूम त्याने दिला. थोड्या वेळाने आग भडकून खाली उतरली, तोवर कोठार पाण्याखाली गेलं होतं. हजाराहून जास्त माणसांचं जहाज वाचलं. त्याच दिवशी ब्रिटिश ताफ्यातल्या 'लायन'सारख्याच तीन बॅटलक्रूझर (मोठ्या, वेगवान युद्धनौका) कोठारं उडून बुडाल्या. हार्वीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि बँडवाले! रॉयल मरीनचे वादक दुसऱ्या महायुद्धात जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली बसून तोफांच्या नेमाची गणितं करणारी यंत्रं चालवत. जहाज बुडालं की तिथून वर यायला वेळच मिळायचा नाही. त्या युद्धात जवळपास चौथा हिस्सा वादक गेले. हे वाचल्यापासून परेडमधला बँड मला पूर्वीसारखा ऐकताच येत नाही.

आता आपल्याकडे. ऑक्टोबर १६७९ मध्ये खांदेरी बेटाजवळच्या पाण्यात मराठ्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज पकडलं. मायनाक भंडारी आणि दौलतखान या आरमारप्रमुखांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. पण वल्ही मारत तोफांच्या तोंडाशी गलबतं नेणारे आणि तलवार घेऊन परक्या डेकवर चढणारे कोण होते? ते आपले मरीनच, नाव वेगळं इतकंच. पुढे १७७७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत मरीन बटालियन उभी केली. तिचे शिपाई बॉम्बे मरीनच्या, म्हणजे कंपनीच्या आरमाराच्या, जहाजांवर चढत. नंतर ती पायोनियर, म्हणजे रस्ते-बांधकाम करणारी पलटण झाली; १९३३ मध्ये अशा पलटणी मोडल्या, त्यात तीही गेली. या शहरात ती कोणाला आठवते? पायदळाच्या गोष्टीत हे लोक समुद्रावरचे, नौदलाच्या गोष्टीत जमिनीवरचे. दोन्हीकडून सुटले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परक्या डेकवर चढायचं काम संपलं, असं कोणी म्हणालं तर मार्च २०२४ सांगा. चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' हे मालवाहू जहाज आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने अडवलं, हवाई दलाच्या विमानातून मार्कोस समुद्रात उतरले, १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे शरण आले. त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. मार्कोस म्हणजे मरीन नव्हेत, ते नौदलाचेच खास कमांडो, हे मला माहीत आहे. पण मिसाइलने ओलीस सोडवता येत नाहीत. त्यासाठी माणूसच लागतो, म्हणून आपल्या प्रत्येक मोठ्या युद्धनौकेवर या कामासाठीच तयार केलेली कायमची तुकडी असावी, असं माझं ठाम मत आहे.

खांदेरी आता युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे जे फलक लागतील त्यांत तटबंदीइतकीच जागा त्या वल्हेकऱ्यांना आणि डेकवर चढणाऱ्यांना मिळावी, यासाठी मी संबंधितांना पत्र लिहितेय. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कोणाच्या घरी पणजोबा-खापरपणजोबांचं मरीन बटालियनचं पदक, पेन्शनचा कागद, निदान एखादी ऐकीव गोष्ट असेल तर कृपया मला मेसेज करा.