‘साधी गोष्ट’ म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

महोदय,

स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड लावलं आणि रेंडर करताना (म्हणजे लग्नाचा व्हिडिओ तयार करून काढताना) तो बंद पडू लागला, त्यात पाच दिवस गेले, त्या लेखाखाली तुम्ही नाव न लिहिता टाकलेली प्रतिक्रिया वाचली. तीनदा वाचली. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून इथे उतरवतो: “एसएमपीएस आधी बदलला असता तर पाच दिवस वाचले असते. साधी गोष्ट आहे, लॅमिंग्टन रोडला तासाभराचं काम. साटाच्या वायरवरून कार्डाला पॉवर देणं धोक्याचं आहे, तो भाग काढून टाका. आणि ते डीव्हीआय-आय नाही, डीव्हीआय-डी. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा.” (नवख्यांसाठी: एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वीज पुरवणारा भाग, साटाची वायर म्हणजे त्यातून हार्ड डिस्कला वीज देणारी वायर, लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार.)

शेवटच्या मुद्द्यापासून घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. कार्डावरचा पडद्याच्या वायरीचा पोर्ट डीव्हीआय-डीच, म्हणजे नुसता डिजिटल; डीव्हीआय-आयमध्ये जुन्या व्हीजीए पडद्याला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नलही असतो. दुरुस्त केलं, आभार. २०१६ च्या १०-मालिकेपासून एनव्हिडियाने कार्डातून अ‍ॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला. त्यामुळे माझ्या ड्रॉवरमधला जुना व्हीजीएचा जोड माझ्या जीटीएक्स १६५० कार्डात बसेचना; चपट्या पात्याभोवतीच्या चार पिनांना समोर भोकंच नाहीत. मागचा मदरबोर्डवरचा व्हीजीए पोर्ट कार्ड लावल्याबरोबर आपोआप बंद. म्हणजे पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळा. आर्वीहून चिपवाला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर आणला तेव्हा कुठे चित्र आलं. हे सगळं लेखात होतं. चुकलं ते एक अक्षर. एका अक्षरावर माणसाचा अभ्यास मोजायचा असेल तर खुशाल मोजा.

पण “थोडा अभ्यास करत जा” हे कोणाला म्हणताय, साहेब? मी पहिला सीपीयू उघडला तेव्हा त्यात विंडोज ९८ होती आणि हार्ड डिस्कच्या मागे मास्टर-स्लेव्हचा जम्पर चिमट्याने बसवावा लागे. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली; २००३ पासून सहा वर्षं मी ती शिकवली, एका कॉम्प्युटरवर तीन पोरं बसवून. एजीपीच्या जुन्या स्लॉटमध्ये कार्ड लावून वडिलांच्या स्टुडिओत पहिली लग्नाची कॅसेट सीडीवर घेतली ती मीच. आजही पंचक्रोशीत कोणाचा प्रिंटर कागद गिळतो तर फोन मलाच येतो, लॅमिंग्टन रोडला जात नाही.

आता तुमची साधी गोष्ट. जरा बसून ऐका.

माझ्याकडचा कॉम्प्युटरचा डबा असेंबल केलेला नाही, ब्रँडेड आहे. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीचा आय-५, सेकंडहँड घेतलेला. त्याच्या मदरबोर्डला २४ पिनचा नेहमीचा कनेक्टर नाही, ८ पिनचा आहे. बाजारातला एसएमपीएस आणला तरी तो तिथे लागत नाही, मध्ये वेगळी कन्व्हर्टर वायर लागते. ती वर्ध्याला विचारली, नाही. नागपूरला सीताबर्डीवर दोन दुकानांत फोन केला, एकाने “मागवून देतो” म्हटलं, दुसऱ्याने वायर काय असते तेच मला विचारलं. इथून नागपूर म्हणजे एसटीने जाता-येता दिवस जातो. तुळशीचं लग्न उरकलेलं, घरोघरी मांडव. स्टुडिओ बंद ठेवून वायर शोधायला जाऊ? नवरदेवाचा बाप रोज सकाळी दारात: “भाऊ, पेनड्राइव्ह कधी भेटते?”

आणि समजा मिळाला असता एसएमपीएस. त्याने पाच दिवस वाचले असते हे तुम्ही तिथे बसून कसं ठरवलं? डबा दिवसभर नीट चालायचा. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत रेंडर लावलं, एकदाही बंद पडला नाही. बंद पडायचा तो संध्याकाळी सातनंतर, तोही रेंडर निम्म्यावर आलं की. एसएमपीएस मरायला टेकला असता तर त्याने घड्याळ पाहिलं असतं का?

चौथ्या दिवशी शेजारचे काका दारात उभे राहून म्हणाले, “मोटारी सुरू झाल्या म्हन्जे तुयं मशीन झोपते, पाह्यलं नाही काय?” मी खरंच पाहिलं नव्हतं. मल्टिमीटर बोर्डात घातला. दुपारी २२१ व्होल्ट. रात्री सव्वाआठला १७४, आणि माझ्या डोळ्यांसमोर १६८. आमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) वावरातल्या मोटारीही आहेत, आणि हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायचे हेच दिवस. मग एसएमपीएस बाहेर काढून त्यावरची चिठ्ठी पुसून वाचली: इनपुट २०० ते २४० व्होल्ट. नुसतं टायपिंग करताना डबा कमी व्होल्टेजवर कसाबसा तग धरायचा. कार्डाने रेंडरसाठी ओढ घेतली की मान टाकायचा. स्टॅबिलायझर लावला, त्या रात्री दोन तासांचं लग्न एका दमात निघालं. नंतर दोनदा रिस्टार्ट झाला, पण तो वेगळा विषय आहे.

तुमच्याकडे रात्री आठला १६८ व्होल्ट कधी पाहिलेत? नाही ना? मग मी जे चार दिवस शोधलं ते तुम्हाला ‘साधं’ दिसणारच. निदान विचारायचं तरी होतं. “व्होल्टेज तपासलं का?” असा एक प्रश्न आला असता तर मी हे असं उत्तर लिहिलं नसतं. पण विचारायचं नाही, निकाल द्यायचा, आणि तोही नाव न लिहिता. याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, घरची मंडळीही हे वाचतात.

राहिला साटाचा मुद्दा. माझ्या कार्डाला ६ पिनची वायर लागते आणि जुन्या एसएमपीएसला ती नाही, म्हणून साटावरून काढली. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनमधून कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. हे गणित मलाही येतं. पण ७५ वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधूनही मिळतात आणि १६५० सगळं मिळून साधारण तेवढंच खातं. मी रेंडर चालू असताना कनेक्टरला बोट लावून पाहिलं. कोमट होता. जरा जास्त कोमट म्हणू. लेखातलं ते वाक्य मी काढलेलं नाही, फक्त पुढे ‘तात्पुरतं’ असा शब्द घातला आहे. आणखी वाद नको.

एसएमपीएस उघडलाच होता तेव्हा एक गोष्ट दिसली ती सांगतो, कारण ती कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत. पंख्याच्या जाळीवर पांढऱ्या रुईची बोटभर गादी. स्टुडिओच्या मागेच जिनिंग आहे, हंगामात हवेतच रुई उडते. ब्रशने निघेना, शेवटी बायकोच्या केसातल्या पिनेने ओढून काढली, निघाली तेव्हा वातीसारखी लांब आली. आतला पंखा बोटाने फिरवला तर अर्ध्या फेऱ्यात थांबला. कापूसपट्ट्यातल्या वाचकांनी दिवाळीनंतर महिन्यातून एकदा तरी आपला डबा उघडावा. प्लग काढून, हे सांगायला नकोच.

आणि हो, ४५० वॅटचा नवीन एसएमपीएस आणि ती २४ ते ८ पिनची वायर मागवली आहे. तुमच्या सांगण्यावरून नाही. पंखा जाम झाला होता म्हणून. नव्या एसएमपीएसला ६ पिनची स्वतःची वायर आहे, ती आल्यावर साटाचा जुगाड काढीन, तेही पंख्यामुळेच. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, आर्वीला जाऊन आणावं लागेल, बहुतेक गुरुवारी बाजाराच्या गाडीने.