बी-२ पास झाली, पुढे काय?

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी १०,००० जणांचं कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्यात नर्सही आल्या. तेव्हापासून महाराष्ट्रात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आपल्याच सरकारी दवाखान्यांत नर्स पुरत नाहीत, मग पाठवता कशाला? त्यावर माझं म्हणणं एवढंच: कंत्राटावर राबवण्याऐवजी कायम पदं भरा, मग बघू किती जणी जातात. दुसरा सूर युरोचे रुपये करून दाखवणाऱ्यांचा. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

मी श्टुटगार्टजवळ नर्स आहे, नव्याने आलेल्यांना वॉर्डात शिकवते. मुलगी जर्मन भाषेची बी-२ पातळीची परीक्षा पास झालेली, पुण्यात आयसीयू सांभाळलेली असते. तरी पदवीला मान्यता मिळेपर्यंत ती मदतनीसच, पगारही मदतनिसाचा. मान्यतेसाठी एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा.

पण खरा धक्का पहिल्या सकाळीच बसतो. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं मावशींचं किंवा नातेवाइकांचं काम. इथे ते नर्सचं, आणि शिरेत सुई लावणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं. मागे एकीने लकवा झालेल्या आजोबांचं तोंड पुसून, शर्ट चढवून झटपट आवरलं. मायेनेच केलं होतं. मी थांबवलं. ओला टॉवेल त्यांच्याच हातात द्यायचा, एका बटणाला पाच मिनिटं लागली तर लागू द्यायची. हात त्यानेच सुधारतो. तोवर आपण पाठीवरची लाल झालेली कातडी बघून घ्यायची. तिनेही हे पुस्तकात वाचलं होतं, पण तिकडे शिफ्टला पेशंटच इतके की करायला सवड कुठली! संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "याचसाठी बीएस्सी केलंस?"

हे विमानात बसण्याआधी सांगायला हवं. करारात नुसती भाषेची प्रमाणपत्रं मोजून भागत नाही. मान्यतेला किती महिने लागतील, नोकरी मध्येच सोडली तर किती पैसे परत मागणार, हे मुलीच्या हातात मराठीत लिहून पडायला हवं.

इथली हॉस्पिटलंही काही कमी नाहीत. ड्युटीच्या तक्त्यात माझे शिकवायचे तास छापलेले असतात, पण कुणी आजारी पडलं की पहिली कात्री त्यांनाच लागते. कराराच्या पुढच्या बैठकीत महाराष्ट्राने हे तास लेखी मागून घ्यावेत.