अठ्ठ्याण्णव अंशांची कढी

परवा माझी कढी फुटली. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही साक्षीदारासमोर.

मूळ दोष शेगडीचा. डाव्या बर्नरचं बटण सिमवर येईना. एक तर भडका, नाहीतर बंद. दुरुस्तीवाल्याला फोन करून "सिम चालत नाहीये" म्हटलं, तर तो विचारतो, "रेंज येत नाही का?" मग "रविवारी येतो" म्हणाला. कुठला रविवार, ते गुलदस्त्यात.

उजवीकडे खिचडीचा कुकर. म्हणून सांडशीत पातेलं धरून मीच बटण झाले होते. आचेवर, वर, आचेवर, वर. तेवढ्यात समोरचे काका कढीपत्त्याची चार पानं मागायला आले आणि ओट्याशीच उभे राहिले.

"अहो, उकळू द्या की तिला!"

"कढीला उकळी फुटू द्यायची नसते, काका. कडेला बारीक बुडबुडे आले की बास."

"म्हणजे किती अंश?"

मला काय माहीत? बोट बुडवून बघू?

"मंद आच म्हणजे साधारण ८५ ते ९५," काकांनीच निकाल दिला. "आणि उकळी १०० ला, हे समुद्रसपाटीचं. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे. इथे पाणी ९८ लाच उकळतं." पेशव्यांनी दोन अंश माफ करून घेतले असावेत, असा चेहरा. "मुंबईकरांना पूर्ण १०० लागतात! म्हणजे तुमची ही कसरत फक्त तीन अंशांसाठी?"

इथे माझं चुकलं. मी समजावायला गेले. म्हटलं, काका, प्रश्न नुसत्या अंशांचा नाही. आच कितीही वाढवा, पाणी ९८ च्या वर जात नाही, नुसती वाफ वाढते. कटाची आमटी रटरटली तरी तिला काही होत नाही. ताकाचं तसं नाही. ते खदखदलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. बेसन सांभाळून घेतं, पण किती घेणार बिचारं?

या 'बिचारं'पर्यंत सांडशी हवेत आणि पातेलं आचेवर होतं.

काकांनी वाकून पाहिलं. "उकळली," म्हणाले. "गाळून घ्या."

खरं तर आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. आधण, कढ, उकळी, खदखद, रटरट. कढीच्या तर नावातच कढ. आई चुलीतली लाकडं मागे ओढायची, की झाली मंद आच. आम्ही मात्र इंग्रजीतून अर्धा शब्द उचलला, 'सिम', आणि तो एका प्लास्टिकच्या बटणाच्या हवाली केला. ते बटण गेलं की आम्हीही गेलो.

आणि एक सांगते. या काकांनी आयुष्यात गॅस पेटवलेला नाही. कढीपत्त्यालाही काकूंनीच पाठवलं होतं. सकाळचा चहा हातात मिळेपर्यंत ते पेपरसुद्धा उघडत नाहीत. तापमान मात्र तोंडपाठ. घरी चौघांनी ती कढी मुकाट्याने खाल्ली. मुकाट्याने, हेच जास्त लागलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. माझा हात हातात घेऊन, अगदी मायेने म्हणाल्या, "कढी फुटली म्हणे तुमची? हे सांगत होते, उकळी फुटू द्यायची नसते हो. कडेला बारीक बुडबुडे आले की बास."