हेडलाइट म्हणजे नानकटाई नव्हे

शनिवारी संध्याकाळी भाचा दारात उभा. एका हातात त्याच्या जुन्या गाडीचा काढलेला हेडलाइट, दुसऱ्या हातात मोबाइल. "आत्या, तुझा ओटीजी धा मिनटं दे की." ओटीजी म्हणजे माझा घरचा छोटा ओव्हन. मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. मित्रांच्या ग्रुपवरून आलेला मेसेज त्याने मला उभ्या उभ्या वाचून दाखवला. रात्री तोच मेसेज घरच्या ग्रुपवर येऊन पडला आणि माझ्या सख्ख्या भावाने त्याला लाइकचा अंगठा दिला. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचा सारांश असा: हेडलाइटची काच आतून पिवळी पडते आणि शोरूमवाले अख्खा हेडलाइट गळ्यात मारतात. तेव्हा घरीच उघडा. कोणताही हेडलाइट ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवला की काच लोण्यासारखी निघते. आतली चांदी काळी रंगवा, लाल दिव्यांचे 'डोळे' बसवा, प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) टाका, हार्डवेअरच्या दुकानातलं कुठलंही सिलिकॉन लावून परत चिकटवा. जितका उजेड जास्त तितकी गाडी सुरक्षित. आणि काच कंपनीचीच राहते, म्हणून सगळं कायदेशीर.

ओव्हनपासून सुरुवात करू. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. बऱ्याच गाड्यांची काच बुटाइल नावाच्या रबरी चिकट पट्टीने बसवलेली असते आणि ती शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते. जाणकार माणसं काळजीपूर्वक तापवून काच काढतात, नवीन बुटाइल भरून बसवतात, आणि ती टिकते. पण "कोणताही" हे धादांत खोटं. कित्येक हेडलाइट अशा सीलंटने बसवलेले असतात, की ते कितीही तापवा, सुटत नाहीत. तिथे काच कापावीच लागते. शिवाय ती काच म्हणजे काच नव्हेच, पॉलिकार्बोनेट. साधारण १४७ अंशांना ते ढिलं पडतं. ओटीजीचा काटा १०० दाखवतो तेव्हा लाल झालेल्या कांडीपाशी किती असतं, ते नानकटाई करपवलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आणि हेडलाइट माझ्या ओटीजीत मावत नव्हता, हे सांगायलाच नको. मग हा पठ्ठ्या बेकरीत गेला. बेकरीवाल्याने विचारलं, "लोकांनी पाव खायचा का प्लास्टिक?" आणि हाकलून दिलं. शेवटी मित्राची गरम हवा फेकणारी हीट गन आणली. काच निघाली, सोबत मागचे दोन कानही तुटून आले. आता हेडलाइट बसवला तरी डुगडुगतो.

सिलिकॉन. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच साध्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो असेटिक आम्लाचाच असतो. सुकताना ते आम्ल बाहेर पडतं आणि आतल्या आरशावर बसतं. तो आरसा म्हणजे ॲल्युमिनियमचा इतका पातळ थर, की बोट लागलं तरी डाग राहतो. काळ्या रंगाचंही तसंच. आरशाभोवतीची शोभेची चौकट रंगवली तर उजेडाला फरक पडत नाही, हेही मान्य. पण रंग नीट सुकलेला नसेल तर दिवा तापल्यावर त्याची वाफ काचेवर आतून धुरकट बसते, आणि ती पुसायला पुन्हा सगळं उघडा.

खरा संताप आहे तो "जितका उजेड जास्त तितकी गाडी सुरक्षित" या वाक्यावर. सुरक्षित कुणासाठी? मी शाळेत तेवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. अंतर्वक्र आरशाच्या नाभीपाशी दिवा ठेवला की किरण समांतर जातात, हे शिकवताना उदाहरण हेडलाइटचंच द्यायचे. हॅलोजन बल्बची तार जिथे असते त्या जागेसाठी तो आरसा घडवलेला असतो. तिथे दुसऱ्याच घडणीचा एलईडी खुपसला, दिवा दोन मिलिमीटर पुढेमागे झाला, की किरण वाटेल तिकडे फाकतात. समोरच्या दहा फुटांत लख्ख दिसतं, त्यामुळे डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. त्या लांबच्या अंधारात, गळीत हंगामात, दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली असते.

प्रोजेक्टरची गंमत आणखी वेगळी. डिपरचा, म्हणजे खाली वळवलेल्या झोताचा, उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या गाडीचा झोत डावीकडे थोडा वर चढतो, कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. अमेरिकेत किंवा जर्मनीत गाड्या उजवीकडून चालतात, तिथे झोत उजवीकडे चढतो. तिथल्यासाठी बनलेला प्रोजेक्टर आणून तसाच इथे बसवला की चढणारी बाजू थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. यवतेश्वरच्या घाटात एका बाजूला दरी असताना मी हे भोगलंय. दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि पाय ब्रेकवर ठेवावा की नाही तेही कळत नाही, कारण मागे कोण आहे ते ठाऊक नसतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ वाचा. दिव्याच्या पुढे ८ मीटर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका झोत खाली वळवलेला असला पाहिजे. ही जागा म्हणजे समोरून येणारा माणूस. दीड मीटर ही जवळपास माझ्याच डोळ्यांची उंची. रविवारी रात्री भाच्याच्या मित्राची 'प्रोजेक्टरवाली' गाडी मैदानात लावली, टेपने ८ मीटर मोजले आणि मी जाऊन उभी राहिले. डिपर होता. तरी मला हात आडवा धरावा लागला. मग तिथे भाच्याला उभं केलं. "आत्या, बंद कर की!" पाच सेकंदांत.

"काच कंपनीचीच म्हणून कायदेशीर" यावर वेळ घालवत नाही. रस्त्यावरच्या पोलिसाला बाहेरून कळणार नाही, हे बहुधा खरं. पण न पकडलं जाणं म्हणजे कायदेशीर नव्हे. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लाल डोळे तर नकोच. खासगी गाडीला पुढून लाल उजेड दाखवायची मुभाच नाही.

पावसाळ्यात कोपऱ्यात थोडी वाफ धरली म्हणून हेडलाइट उघडू नका. हवा जायला-यायला त्याला मागे छिद्रं ठेवलेली असतात, दिवा लावल्यावर ती वाफ जाते.

आणि पिवळेपणा. ज्यासाठी हे सगळं आरंभलं, तो. पॉलिकार्बोनेटवरचा बाहेरचा संरक्षक थर उन्हाने झिजतो आणि काच पिवळी पडते. बाहेरून. पाणी मारत बारीक पॉलिश पेपर, मग पॉलिश, मग अतिनील किरण अडवणारा लेप. भाच्याचा दुसरा हेडलाइट मी त्याच्याकडून असाच घासून घेतला, गाडीवरून न काढता. आता डावा स्वच्छ आहे आणि उजवा डुगडुगतोय.