‘एकाच पगारावर दोनदा टॅक्स लावला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की राहता न्यू जर्सीतल्या एडिसनला, नोकरी न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनला, तरी आम्ही दोन स्टेट रिटर्न्स भरून दोन्हींची फी घेतली, घरून केलेल्या कामाचे दिवस वगळले नाहीत आणि वर न्यू जर्सीला पैसे भरायला लावले. पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत नोकरी करणारा मित्र मात्र एकच रिटर्न भरतो. क्लायंटचे आकडे आम्ही चारचौघांत मांडत नाही, म्हणून नियमांपुरतंच बोलते.

मित्राचं बरोबर आहे. त्या दोन राज्यांत करार आहे, पगारावरचा टॅक्स राहत्या राज्यातच भरायचा. न्यू यॉर्कशी न्यू जर्सीचा असा करार नाही. त्यामुळे आधी न्यू यॉर्कचं नॉनरेसिडेंट (त्या राज्यात न राहणाऱ्यांचं) रिटर्न, आयटी-२०३, भरावं लागतं. त्यात जो टॅक्स निघतो त्याचं क्रेडिट, म्हणजे टॅक्समध्ये सूट, न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये मिळतं. डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर, कापलेली दिसते ती रक्कम क्रेडिट म्हणून टाकता येत नाही. ती टाकली की पुढे नोटीस येते. म्हणून दुसरं रिटर्न हे पहिल्याची कॉपी नसतं, आणि दोन्हींची फी योग्यच आहे असं माझं मत आहे.

मग न्यू जर्सीला पैसे का? क्रेडिट फक्त दोन्हीकडे टॅक्स लागलेल्या उत्पन्नावर मिळतं. बँकेचं व्याज, भारतातल्या एफडीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं यांवर न्यू यॉर्क टॅक्स लावत नाही, न्यू जर्सी लावते. भारतात कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नमध्ये मिळतं, न्यू जर्सी देत नाही. आपल्या लोकांना हे सगळ्यात जास्त खुपतं, आणि ते खुपणं मला पटतं. शिवाय पगारातून प्री-टॅक्स, म्हणजे टॅक्स लागण्याआधीच, कापलेला हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता न्यू जर्सी उत्पन्नातच धरते. यातलं तुम्हाला काय लागू पडलं ते रिटर्नच्या फाइलमध्ये आहे.

घरून कामाचा न्यू यॉर्कचा नियम मलाही अन्यायाचा वाटतो. कंपनीच्या गरजेपोटी नाही, स्वतःच्या सोयीसाठी घरी बसलात, तर तो दिवस न्यू यॉर्कचाच धरतात. तुमचं घरून काम कंपनीची गरज होती असं कंपनीचं लेखी पत्र असेल तर जरूर आणा, आपण दुरुस्त रिटर्न भरू. मात्र तेवढ्या पगारावर न्यू जर्सीचं क्रेडिटही जाईल, म्हणजे फायदा दोन्ही राज्यांच्या टॅक्समधल्या फरकाएवढाच. पत्राशिवाय ते दिवस वगळून मी सही करणार नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एकदम भुर्दंड नको असेल, तर न्यू जर्सीसाठी थोडी रक्कम पगारातून कापायला एचआरला आत्ताच सांगा. ते जमत नसेल आणि देणं ४०० डॉलरच्या वर जाणार असेल, तर दर तिमाहीला एस्टिमेटेड टॅक्स, म्हणजे अंदाजाने आगाऊ टॅक्स, भरावा लागतो. तो हिशेब मी बसून करून देईन, त्याची वेगळी फी नाही.