विज्ञानाच्या तासाला परकी माणसं घुसू नयेत म्हणून

सर, मॅडम, विज्ञान शिकवताना मुलांना दुसऱ्या संस्कृतींची समज द्या असं वरून आलंय ना? घाबरू नका. वर्षातून एक दिवस ठरवा, वर्गात झेंडे लावा, पोरांना रंगीबेरंगी कपडे घालायला सांगा, फोटो काढून वर पाठवा की झालं, दुसऱ्या दिवसापासून परत प्रकाशाचं परावर्तन.

प्रकाश शिकवताना मात्र जपून. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसतं, एवढं फळ्यावर लिहा आणि खडू खाली ठेवा. हे नीट मांडणारा इब्न अल हैथम बसऱ्याचा, 11व्या शतकात कैरोत बसून लिहीत होता, हे तोंडातून निसटलं तर कोणीतरी विचारणारच की मग धड्यात फोटो दुसऱ्यांचेच का. ताऱ्यांची नावं खुशाल पाठ करून घ्या, रायजेल, अल्डेबरान वगैरे, ती अरबी आहेत हे सांगायची काय गरज?

खरा धोका देवी रोगाच्या धड्यात आहे. 1796, देवीची लस, जेनर, एक मार्क, पुढे चला. कारण मागे गेलात की 1721 चं बॉस्टन लागतं, तिथे साथ आलेली आणि निरोगी माणसाला मुद्दाम थोडी देवी टोचायची युक्ती एका पाद्रीबुवांना त्यांच्याच गुलामाने, आफ्रिकेतून आणलेल्या ओनेसिमसने, काही वर्षं आधी सांगून ठेवलेली, त्याला स्वतःला टोचलेलं होतं. पाद्रीबुवांनी ती लोकांना सुचवली, तर लोक एवढे भडकले की त्यांच्या घरात हातबॉम्ब टाकला (फुटला नाही, नशीब). आणि टोचून घेतलेल्यांत शंभरात दोन-तीन दगावले, नुसती साथ लागलेल्यांत चौदाएक. हा हिशोब वर्गात मांडलात तर मुलं एकदम गप्प होतात, आणि गप्प झालेली मुलं विचार करायला लागतात, मग सिलॅबस कधी पूर्ण होणार?

एखादं पोरगं उठून म्हणालं की हे सगळं आमच्या लोकांना आधीच माहीत होतं, तर पुरावा न मागता टाळ्या वाजवा. शेजारचंही तेच म्हणालं तर त्याला खाली बसवा.

आणि तरीही मागच्या बाकावरच्या एखाद्या पोरीने विचारलंच, ओनेसिमस हे तर मालकाने ठेवलेलं नाव, मग त्याचं खरं नाव काय होतं, तर ते परीक्षेला नाहीये म्हणा आणि वह्या गोळा करायला घ्या.